छातीतली धडधड : भय आणि व्याधी



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिचे अनुकरण पुढे गावोगाव झाले, आणि इतिहास, साहित्य, राजकारण यांवर मोठमोठ्या विद्वानांनी अशा व्यासपीठांवरून लोकांना शहाणे केले. अशा ठिकाणी माझ्यासारख्या नाडी पाहणाऱ्या माणसाने उभे राहावे हे थोडे धाडसाचेच आहे. परंतु चालकांनी आग्रह धरला, आणि गेली छत्तीस वर्षे या परिसरात दवाखाना चालवीत असताना एक गोष्ट माझ्या मनात सलत राहिली आहे. ती चारचौघांत सांगावी असे मलाही वाटत होते. ती गोष्ट म्हणजे माझी स्वतःची एक चूक. तिच्यापर्यंत येण्यापूर्वी आपल्या सर्वांच्या अनुभवातल्या एका प्रसंगापासून प्रारंभ करतो.

आपल्या आंबेगाव-जुन्नर भागातल्या माणसाला बैलगाड्यांच्या शर्यतीचा घाट ठाऊक नाही असे होणार नाही. मधली काही वर्षे त्या न्यायालयाच्या आदेशाने बंद होत्या. २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली आणि घाट पुन्हा भरू लागले. बारी सुटण्याची वेळ झाली, घोडी पुढे निघाली, बैलांनी उसळी घेतली, की काठावर उभ्या असलेल्या माणसाचे काळीज धडधडू लागते. गाडा आपला असेल तर विचारावयासच नको! ही धडधड हा रोग नव्हे. ती क्रमाक्रमाने चढते, गाडा घाटात पोहोचला की क्रमाक्रमाने उतरते. तिला कारण असते आणि ते कारण आपल्याला दिसते. जिना चढताना, ताप आला असता, सासूबाईंची अचानक हाक आली असता (हशा) हृदयाने गती वाढवावी हे त्याचे कर्तव्यच आहे.

मी आज बोलणार आहे ती धडधड निराळी. माणूस शांतपणे बसलेला असतो. भाकरी थापीत असतो, पोथी वाचीत असतो, किंवा खाली वाकून चपलेचा पट्टा लावीत असतो. आणि एकाएकी, दिव्याची कळ दाबावी तसे, छातीत काहीतरी सुटते. ठोके मोजता येत नाहीत इतके जलद पडू लागतात. गळ्यात फडफड होते, हातपाय गळून जातात, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि ‘आता आपले काही खरे नाही’ असे वाटते. दहा मिनिटे, अर्धा तास, कधी दोन-चार तास हा प्रकार चालतो, आणि जसा आला तसाच एका क्षणात बंद पडतो. मागे राहतो तो थकवा, आणि पुन्हा केव्हा येईल याची धास्ती.

हा विकार काही आजचा नाही. चरकसंहितेत वाताचे जे ऐंशी विकार सांगितले आहेत त्यांत ‘हृद्द्रव’ हा शब्द आलेला आहे. म्हणजे आपल्या जुन्या वैद्यांनीही काळजाची ही धावपळ पाहिली होती. पाश्चात्त्य वैद्यकात फ्रान्समधील बूव्हरे यांनी १८८९ साली अशा एकाएकी येणाऱ्या झटक्यांचे वर्णन करून त्यांना वेगळे नाव दिले. असे असूनही हा विकार ओळखण्यात फसगत होते ती आजही होते. माझी झाली ती अशी.

पलीकडच्या एका गावातली तिशीतली एक बाई माझ्याकडे आली. सोबत सासू होती. ‘छातीत धडधडतं, जीव घाबरा होतो,’ एवढीच तक्रार. मी नाडी पाहिली, ती ७८. रक्तदाब चांगला. हृदयाचा विद्युत्-आलेख, ज्याला आपण ईसीजी म्हणतो, तोही काढला. तो निर्मळ. मी म्हणालो, ‘ताई, तुम्हाला काही झालेले नाही. मनाला फार लावून घेत जाऊ नका.’ शक्तीचे औषध दिले, झोपेची हलकी गोळी दिली आणि पाठविले. पुढच्या वर्षी ती पुन्हा आली. तेव्हाही नाडी ठीक. असे नऊ वर्षांत पाच-सहा वेळा झाले. गावाहून दवाखान्यात पोहोचेपर्यंत झटका ओसरलेला असे, आणि माझ्यापुढे बसलेली बाई ठणठणीत दिसे. मी तिच्या कागदावर ‘मानसिक’ असा शेरा मारला होता. डॉक्टरांनीच असे म्हटल्यावर घरच्यांनी काय करावे? कोणी म्हणाले, कामाचा कंटाळा आहे. कोणी म्हणाले, बाहेरचे आहे. देवऋषीकडे दोन फेऱ्या झाल्या, नारळ-लिंबे झाली. नऊ वर्षे ती बाई आपल्याच घरात खोटी ठरली होती, आणि तिला खोटे ठरविण्याच्या कामी माझी सही होती.

आता हा झटका येतो कसा, ते आधी समजून घेऊ. म्हणजे माझी चूक कोठे झाली तेही कळेल. हृदय हा एक स्नायूंचा पंप आहे, आणि तो विजेच्या सूक्ष्म लहरीवर चालतो. वरच्या उजव्या कप्प्यात एक ठिकाण आहे. तेथून मिनिटाला सुमारे साठ ते शंभर लहरी निघतात. म्हणजे दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोके झाले. ही लहर वरचे कप्पे आवळीत मधल्या एका चौकीपाशी येते, तेथे क्षणभर थबकते आणि मग खालच्या कप्प्यांत उतरते. सामान्यतः चौकीतून जाण्याची वाट एकच असते. परंतु काही माणसांच्या चौकीत दोन वाटा असतात. एक जलद, एक मंद. काहींना जन्मतःच चौकी चुकवून जाणारी एक जादा वाट असते. तिचे वर्णन वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या तिघा डॉक्टरांनी १९३० साली केले. एरवी या जादा वाटेने काही बिघडत नाही. पण एखादा ठोका अवेळी पडला, की लहर एका वाटेने खाली जाते आणि दुसऱ्या वाटेने परत वर येते, पुन्हा खाली, पुन्हा वर. घाण्याचा बैल जसा एकाच रिंगणात फिरतो तशी ती फिरत राहते, आणि दर फेरीस हृदयाला एक ठोका द्यावा लागतो. ही गती मिनिटाला दीडशेपासून अडीचशेपर्यंत जाते. रिंगण कोठेतरी तुटले की त्याच क्षणी सारे पूर्ववत होते.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. पहिली ही, की रिंगण चालू नसते तेव्हा हृदय पुष्कळदा अगदी निर्दोष दिसते. चोर पळून गेल्यावर घराची झडती घेऊन ‘येथे चोर आलाच नव्हता’ असे म्हणावे, तसे माझे झाले होते. ओसरल्यानंतरचा चांगला ईसीजी एवढेच सांगतो, की आत्ता ठीक आहे. दुसरी गोष्ट ही, की झटका एकाएकी सुरू होतो आणि एकाएकी थांबतो. भीतीची धडधड बहुधा चढत जाते आणि उतरत जाते. म्हणून डॉक्टरांनी ‘काय होते’ एवढेच विचारून थांबू नये. ‘सुरू कसे होते आणि थांबते कसे’ हे विचारावे. गळ्याच्या शिरा ठोक्यागणिक उडताना दिसणे आणि झटक्याच्या वेळी किंवा नंतर पुष्कळ लघवी होणे, याही खुणा आहेत. ही माहिती रुग्ण आपण होऊन सांगत नाही, त्याला लाज वाटते. ती विचारावी लागते.

मी एकटाच फसलो असे म्हणून मी आपले समाधान करून घेत नाही. परंतु १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली एक पाहणी येथे सांगितली पाहिजे. अशा रिंगणाचा विकार निश्चित झालेल्या १०७ रुग्णांची जुनी हकीकत त्यात तपासली होती. त्यांपैकी ५५ टक्क्यांच्या बाबतीत पहिल्या तपासणीत विकार ओळखलाच गेला नव्हता. आणि ६७ टक्के रुग्णांची लक्षणे अशी होती, की पुस्तकातल्या व्याख्येप्रमाणे त्यांना ‘भयाचा झटका’ येतो असेच म्हणता यावे. ज्यांच्यावर मानसिक शिक्का बसला त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून पुष्कळ अधिक होते. हा विकार मुळातच स्त्रियांत पुरुषांच्या सुमारे दुप्पट आढळतो. म्हणजे ज्यांना तो अधिक होतो, त्यांचेच म्हणणे कमी ऐकले जाते! आणि हे अमेरिकेत; मग आपल्याकडे सुनेच्या तक्रारीला किती किंमत मिळत असेल याचा विचार आपण करावा.

त्या बाईची पुढची हकीकत सांगतो. कांदा काढणीचे दिवस होते. रानात वाकून काम करताना तिला झटका आला, आणि योगायोगाने तिचा दीर मोटारसायकल घेऊन बांधावर उभा होता. तो तिला तसाच घेऊन माझ्याकडे आला. नाडी मोजता येईना. घाईघाईने ईसीजी काढला. गती १९०, आणि कागदावर ते रिंगण स्पष्ट उमटलेले. नऊ वर्षे जे मी तिच्या मनात शोधीत होतो, ते वीतभर कागदावर माझ्यापुढे होते. पुढे पुण्यास पाठवून तिचा उपचार झाला. ती भेटावयास आली तेव्हा मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, ‘डॉक्टर, मला बरं वाटलं ते त्या कागदानंच. मी खोटं बोलत नव्हते, हे घरात सगळ्यांना कळलं.’ मंडळी, तो ईसीजी तिने घरी देव्हाऱ्याशेजारी जपून ठेवला आहे असे तिच्या दिराने मला सांगितले.

आता झटका आला असता काय करावे? प्रथम जेथे असाल तेथे बसावे. गाडी चालवीत असाल तर बाजूला घेऊन थांबवावी. विहिरीच्या काठावर, चुलीपाशी उभे राहू नये. जवळच्या माणसाने मनगटाची नाडी घड्याळ लावून मोजावी. नाही मोजता आली तर मोबाइलवर गळ्यातली उडणारी शीर टिपून ठेवावी. ठोके जलद पण सारख्या अंतराने पडतात, की वेडेवाकडे, हेही पाहावे.

दुसरा उपाय सांगण्यापूर्वी एक गमतीची हकीकत सांगतो. आपले योगी हृदय बंद पाडू शकतात अशी ख्याती जगभर होती. आपल्याच जिल्ह्यात लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढून योग प्रयोगशाळेत आणला. १९३५ साली थेरेझ ब्रॉस या फ्रेंच डॉक्टरीणबाई यंत्र घेऊन योग्यांची हृदये तपासण्यासाठी भारतात आल्या. पुढे वेंगर, बागची आणि दिल्लीचे आनंद या शास्त्रज्ञांनी पुन्हा प्रयोग करून १९६१ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांना हृदय थांबविणारा कोणी आढळला नाही. श्वास कोंडून, छाती-पोट आवळून हे योगी छातीतला दाब असा वाढवीत, की हृदयाकडे परतणारे रक्त कमी पडे, ठोका ऐकू येईना आणि नाडी हाताला लागेना. पण यंत्रावर हृदय चालूच असे. या कुंथण्याच्या क्रियेला वैद्यकात व्हाल्साल्व्हा या इटालियन वैद्याचे नाव आहे. त्याने १७०४ साली कानाच्या ग्रंथात तिचे वर्णन केले होते.

ही क्रिया हृदय थांबवीत नाही, परंतु रिंगण तोडू शकते. कुंथणे सोडताच मेंदूकडून गळ्यामार्गे छातीत उतरणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू जोर करतो. हृदयाच्या बैलाला तो कासऱ्यासारखा आहे. त्याने मधली चौकी क्षणभर रोखून धरली, की फिरणाऱ्या लहरीला वाट मिळत नाही आणि घाणा थांबतो. इंग्लंडमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४३३ रुग्णांवर याची परीक्षा झाली. बसून नुसते कुंथल्याने १७ टक्क्यांचे ठोके ताळ्यावर आले. दुसऱ्या गटाने कुंथून झाल्याबरोबर त्यांना उताणे निजवून पाय वर उचलले, तर ४३ टक्क्यांचे आले. एवढ्या साध्या युक्तीने एवढा फरक पडला, आणि खर्च काही नाही!

रीत अशी : अर्धवट रेलून बसावे. सुई काढलेल्या दहा मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये, दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने पंधरा सेकंद फुंकावे. लगेच उताणे निजावे आणि दुसऱ्याने दोन्ही पाय पंचेचाळीस अंशांपर्यंत उचलून पंधरा सेकंद धरावेत. मग पुन्हा रेलून बसावे. परंतु एक अट आहे : ज्यांचा विकार डॉक्टरांनी एकदा निश्चित केला आहे आणि ही रीत समक्ष शिकविली आहे, त्यांनीच ती घरी करावी. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी, फार रक्तदाब असणाऱ्यांनी, डोळ्यांच्या पडद्याचा विकार असणाऱ्यांनी ती करू नये. डोळे दाबण्याचा जुना उपाय कोणीही करू नये, त्याने डोळा जातो. गळ्याची शीर चोळण्याचे कामही डॉक्टरांवर सोडावे.

आणि काही प्रसंगी युक्त्या करीत बसू नये. छातीत दुखते आहे, शुद्ध हरपली, दम लागला, तोंड वाकडे झाले, हातपाय लुळा पडला, गरोदर बाई आहे, आधीचा हृदयविकार आहे, किंवा घराण्यात तरुणपणी कोणी एकाएकी दगावले आहे, तर तडक १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा. ही रुग्णवाहिका-सेवा आपल्या राज्यात २०१४ पासून चालू आहे. आपल्या मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. तेथे किंवा जो दवाखाना जवळ असेल तेथे पोहोचताच दारातच सांगावे, ‘आत्ता चालू आहे, आधी ईसीजी काढा.’ हे एक वाक्य पाठ करून ठेवा. नऊ वर्षांचे काम ते नऊ मिनिटांत करील. तेथे ॲडिनोसिन नावाचे औषध शिरेतून देतात. ते टोचले की काही सेकंद जीव बुडतोसा वाटतो, आणि मग ठोके ताळ्यावर येतात. त्या काही सेकंदांची कल्पना रुग्णाला आधी दिलेली बरी.

ठोके वेडेवाकडे पडत असतील तर तो निराळा विकार असू शकतो. त्यात हृदयात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचे भय असते. ज्यांना लहानपणी सांधे धरणारा ताप येऊन हृदयाची झडप बिघडली आहे, त्यांना तरुण वयातही तो होतो. त्याला औषध चुकवून चालत नाही. शिवाय धडधडीची साधी कारणेही तपासून घ्यावीत : रक्त कमी असणे, गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा जोर, दम्याची किंवा सर्दीची काही औषधे, उपास आणि उन्हात पाणी न पिणे, आणि तंबाखू. आमच्या आयाबहिणी ‘मी तंबाखू खात नाही हो’ म्हणतात आणि दिवसातून तीनदा मशेरी लावतात. मशेरी ही भाजलेली तंबाखूच आहे!

रिंगणाचा विकार वारंवार होत असेल तर कायमचा उपायही आहे. जांघेतल्या शिरेतून बारीक तारा हृदयापर्यंत नेतात, जादा वाट नेमकी कोठे आहे ते शोधतात, आणि तेवढाच ठिपका उष्णतेने निकामी करतात. छाती उघडावी लागत नाही. चौकीतल्या दोन वाटांच्या प्रकारात शंभरात पंचाण्णवांहून अधिकांना गुण येतो. मूळ चौकीलाच इजा होऊन हृदयाला गती देणारे यंत्र बसवावे लागण्याचा धोका अनुभवी हाती शंभरात एकाहून कमी. खर्चाची चिंता असेल त्याने सरकारी योजनेतून काय मदत मिळते ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. संकोच करू नये.

आता कोणी म्हणेल, डॉक्टर, सगळ्याच धडधडी हृदयाच्या ठरविल्या तर मनाचे काय? तसे माझे म्हणणे नाही. भयाचा झटका हाही खरा असतो, त्यातही माणूस खरोखरच तळमळतो. सावकाश श्वास घेणे, त्याहून सावकाश सोडणे, शवासन करणे, याचा त्यास उपयोग होतो. जरूर तर मनाच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, त्यात कमीपणा नाही. आणि रिंगण असलेल्या माणसालाही भय वाटतेच. छातीत दोनशे ठोके पडत असता कोण निर्भय राहील? तेव्हा भय दिसले म्हणून व्याधी नाही, असा निकाल देऊ नये. आधी व्याधी नाही हे पाहावे, मग भयाकडे वळावे. मी हा क्रम उलटा केला होता.

म्हणून आज घरी गेल्यावर एवढे करा. घरातली कोणी सून, लेक, आई, ‘मला धडधडतं’ असे पूर्वी कधी म्हणाली असेल, तर तिला जवळ बसवून विचारा : सुरू कसे होते? थांबते कसे? आणि ती सांगेल ते मध्ये न बोलता ऐका. मी ते नऊ वर्षे ऐकले नाही. आपण एका संध्याकाळी ऐकू शकाल.